मामा, तुझी पांढरी तीन

मामा,

तुझा पत्र्याचा डबा माझ्या कपाटात आहे. मी घराबाहेर पडते, जिना उतरते, पुन्हा वर येते, कपाटाचं कुलूप ओढून बघते, मग परत खाली. मामी ओट्यावरून बघत असते. परवा पोस्टमनने कडी वाजवली तर माझ्या हातातला चहा साडीवर सांडला. चोपड्याच्या बाजारात मांडुळाच्या दलालाची कॉलर धरणारी तुझी भाची पोस्टमनला घाबरते, हे तू बघायला हवं होतंस. जन्मभर पुरलं असतं तुला.

तेरावा झाला. लोक आले, बसले, तुझ्याबद्दल चांगलं बोलून गेले. "साधा माणूस होता हो," असं जो तो म्हणत होता. तू आणि साधा. केसांना कलप लावल्याशिवाय दुकानाचं शटर न उचलणारा. पियानोचं काम कोलकात्याला शिकलो असं छातीवर हात ठेवून सांगणारा, आणि मामी म्हणते की इटारसीच्या पुढे तू कधी गेलाच नाहीस. मी कुणाला टोकलं नाही. माणूस मेला की त्याला घाईघाईने साधा करून टाकतात, म्हणजे आठवायला त्रास होत नाही. मला तो त्रास हवा आहे.

हे पत्रक नाही. पत्रकात मी वर 'नागरिकहो' लिहिते आणि खाली मागण्या. इथे मागणी कुणाकडे करू?

वाचणाऱ्यांना सांगायला हवं की डब्यात काय आहे. हस्तिदंत आहे. जुन्या पियानोच्या पांढऱ्या पट्ट्यांवर लाकूड दिसू नये म्हणून हस्तिदंताचा पातळ पापुद्रा चिकटवलेला असायचा, पत्त्याच्या पानाहून थोडा जाड. पियानो मोडीत निघाला की तू ते पापुद्रे सोडवून घ्यायचास. भुसावळच्या भंगारातून, कुणाच्या बंगल्याच्या अडगळीतून. तू मुळात पेटीवाला, जळगावात हार्मोनियमची दुरुस्ती करणारा, पण कुठे पियानोच्या पट्टीचा पापुद्रा उडाला की लोक तुलाच शोधत यायचे. मग डबा उघडायचा, रंग जुळवायचा, तुकडा बसवायचा.

आणि मी काय करते? मी सातपुड्याच्या पायथ्याच्या आठवडी बाजारांत पत्रकं वाटते. मांडूळ धरू नका, त्याने गुप्तधन मिळत नाही. घुबड मारू नका. खवल्या मांजराच्या खवल्यांत कसलंही औषध नाही. पायथ्याच्या गावातला एखादा मजूर दलालाच्या नादाला लागून मांडूळ धरतो, पकडला जातो, आत जातो. दलाल बाहेर. ज्याच्या हौसेसाठी हे सगळं झालं तो तर शहरात, त्याचं नावही कुणाला माहीत नसतं. माझा सगळा राग त्या हौशी माणसावर. गाव सोडून दहा ठिकाणी मी ओरडून सांगते की जनावराच्या अंगाचा तुकडा घरात ठेवणारा माणूस हाच खरा शिकारी. हस्तिदंताची विक्री हा गुन्हा आहे, आणि दाखला नसेल तर तो नुसता घरात बाळगणं हाही गुन्हा आहे. हे मला कुणी सांगायला नको. मीच छापते.

आणि तेव्हा माझ्या डोक्यावर, आपल्याच घराच्या माळ्यावर, हा डबा होता.

*

यंदाची गोष्ट कूलरपासून सुरू झाली. धुळ्याच्या एका जुन्या शाळेत सभागृहाच्या कोपऱ्यात पियानो आहे. शाळेचं नाव मी लिहिणार नाही, का ते पुढे कळेल. लीला अक्का तिथे संगीत शिकवायच्या. निवृत्त झाल्या तरी रोज सकाळी जातात, मुलांची प्रार्थना त्याच वाजवतात, सुटीत मुलं नसली तरी एकट्या वाजवतात. एप्रिलातच भिंती तापल्या, तर अक्कांनी घरचा कूलर रिक्षात घातला आणि नेऊन पियानोच्या समोर लावला. खानदेशात याहून मोठं प्रेम नाही. आपण म्हशीच्या पाठीवर ओलं पोतं टाकतो, पाहुण्याची खाट कूलरसमोर ओढतो. ओली हवा लाकडाला बाधते हे अक्कांच्या डोक्यात कुठून येणार? पंधरा दिवसांत पट्ट्यांवरचा सरस भिजला आणि पांढरे पापुद्रे उचलले गेले.

तू मला बरोबर नेलं होतंस, बॅग धरायला. तू पियानोसमोर उभा राहिलास, कूलरकडे बघितलंस, अक्कांकडे बघितलंस.

"अक्का, याला काय घाम येत होता?"

"मला येत होता. मी तासभर बसते तर एवढी तापते. हा बिचारा दिवसभर इथेच असतो."

"लाकडाला पाणी पाजलं तुम्ही."

"वाळ्याचं पाणी होतं. वास किती छान येत होता, विचारा शिपायाला."

तू डोक्याला हात लावलास, आणि मग हसलास. मग खाली बसून एकेक पापुद्रा पुसलास, जुना सरस खरवडलास, नवा गरम केलास, दिवसभर चिकटवत बसलास. एक तुकडा मात्र सापडला नाही. झाडूत गेला असणार. मधल्या सप्तकातली पांढरी तीन, तिसरी पांढरी पट्टी, उघडी पडली होती. नुसतं लाकूड, त्यावर सरसाचे काळे डाग.

"नेमका माझा अंगठा तिथे येतो," अक्का म्हणाल्या. "टोचतं हो. प्रार्थनेत दर ओळीला टोचतं."

तू ती अख्खी पट्टी पियानोतून काढून घेतलीस, उपरण्यात गुंडाळलीस. जळगावला नेऊन नीट बसवून आणतो म्हणालास, शाळा उघडायच्या आत. पट्टी काढल्यावर जी फट राहिली तिच्यावर अक्कांनी आपला रुमाल टाकला.

*

परतीच्या एसटीत आपलं भांडण झालं. पारोळा मागे पडला आणि मी विचारलं, त्याच्यावर काय बसवणार.

"डब्यातला. जोडीना शे. रंग बी लागस."

"हस्तिदंत?"

"मंग काय भेंडी बसाडू?"

"प्लास्टिक बसव."

"प्लास्टिक घाम पीत नाही. अक्कांचं बोट घसरेल." काम सांगायचं असलं की तू शहरी बोलायचास, भांडायचं असलं की अहिराणी.

"मामा, त्या एका तुकड्यासाठी एक जनावर मेलंय."

"हाऊ हत्ती मी नही मारा. तुना आजाना जनम बी नव्हता तवय मरी गया तो."

"म्हणून त्याचा दात वापरायचा?"

"मंग काय परत त्याना तोंडमा लावू? आते फेकी दिधा तर हत्ती दोनदा मरी."

मागच्या सीटवरच्या माणसाने मान पुढे काढली. "ओ भाऊ, हत्ती कुठे मेला? यावलकडे का?" त्याच्या शेजारची बाई म्हणाली, यावलला कुठले आले हत्ती, बिबट्या असेल. कंडक्टर पुढून ओरडला, "हत्तीचं तिकीट काढलं का, मामा?" सगळी बस हसली. तूही हसलास, उपरणं मांडीवर बाळासारखं धरून. मी नाही हसले. मी आवाज चढवला.

मी म्हटलं, तू हा एक तुकडा बसवशील. अक्का वा म्हणतील. उद्या कुणी शेठ म्हणेल, माझ्या घरच्या पियानोलाही असाच अस्सल बसवा. मग आणखी एक. एक दिवस डबा संपेल, तेव्हा तू कुणाला फोन करशील? तेव्हा माल कुठून येईल? अस्सल पाहिजे म्हणणारा एक जरी माणूस शिल्लक राहिला तरी कुठेतरी कुणीतरी कुऱ्हाड उचलतो.

एरंडोल गेलं. मग म्हणालास, "मी मरी जासू तोवर पुरी तो डबा."

मग तू मला विचारलंस की अक्कांच्या पियानोवर बाकीचे तुकडे आहेत ते काय आहेत? त्यांच्यावर मुलांची प्रार्थना चालते ती तुला चालते, आणि त्यांच्यातच हा एक बसला तर पाप? फरक सांग. मी म्हटलं, ते तिथे आहेत, हा इथून जाणार आहे. जागेवर असणं वेगळं आणि हातातून हातात जाणं वेगळं. तू म्हणालास, हा वकिली फरक आहे. मी म्हटलं, असू दे, वकिलीच आहे. आजही मला वाटतं मी बरोबर होते. आणि आजही तुझा प्रश्न मला पुरता सुटलेला नाही. दोन्ही खरं आहे, काय करू.

जळगावच्या स्टँडवर उतरलो तरी मी बोलतच होते. तेव्हा तू जे नेहमी करायचास तेच केलंस. आपल्याकडे मामा भाचीच्या पाया पडतो. भाची मामाच्या पाया पडत नाही, पडली तर मामाला दोष लागतो म्हणतात. सणासुदीची रीत ती, तू तिचं हत्यार करून ठेवलं होतंस. हरायला लागलास की वाकायचास. भर स्टँडवर, उपरण्यात पट्टी घेऊन, घामाने निथळत, वाकलास. "पाया पडस माय. आते चूप बस." रिक्षावाले बघत होते. प्रत्येक भांडण तू असंच संपवलंस. एकही मी जिंकले नाही आणि एकही तू जिंकला नाहीस.

*

तुझ्या काउंटरच्या काचेखाली एक तुकडा असायचा. पिवळसर, गुळगुळीत, अंगावर बारीक रेघा. मी चहाला दुकानात आले की तू तो काढायचास आणि माझ्या नाकासमोर धरायचास. "हत्तीना दात शे हाऊ. देख, रेघा देख." मी चिडायची. तू म्हणायचास, हात लाव, थंड लागतो का सांग. मी हात लावायची नाही. वर्षानुवर्षं हा खेळ चालला आणि मला तो कधी खेळ वाटला नाही. मी तिथे उभी राहून तुला कायद्याची कलमं ऐकवली आहेत. गिऱ्हाइकांसमोर तुला शिकाऱ्याचा सोबती म्हटलंय. तू तुकडा परत काचेखाली ठेवून म्हणायचास, "आमची पत्रकवाली. चहा पिऊन जाय."

आणि माझी पत्रकं तू पेट्यांच्या खोक्यात भरायचास. पितळी सूर-पट्ट्या बांधायला, भाता गुंडाळायला. "तुझा कागद चांगला, शाई सुटत नाही." मला अपमान वाटायचा. पण नवापूरकडच्या एका भजनी मंडळातून मला फोन आला, की तुमचा मांडुळाचा कागद पेटीत निघाला, अजून मिळतील का, गावात वाटायचे आहेत. तिथे मी कधी गेले नव्हते. तू पोचला होतास. हे मी तुला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू दुकानात पाटी लावली असतीस, असा तू. तरी सांगायला हवं होतं, आता सांगते.

काम शिकवायचास तेव्हा मात्र तुझा आवाज उतरायचा. हस्तिदंतातून उजेड आरपार जातो, म्हणून त्याच्याखाली आधी पांढरं कापड चिकटवायचं, नाहीतर लाकडाचा रंग वर दिसतो. कापड विसरला तो गेला. हस्तिदंत अंधारात पिवळा पडतो, म्हणून पियानोचं झाकण उघडं ठेवायचं. पिवळे पडलेले तुकडे तू गच्चीवर उन्हात ठेवायचास, मामीच्या बिबड्यांच्या, म्हणजे ज्वारीच्या पापडांच्या, शेजारी, त्याच जुन्या साडीवर. एकदा बिबड्या डब्यात भरताना त्यांत दोन तुकडे गेले आणि मामी म्हणाली, "उद्या कुणाचे दात पडले तर माझ्या नावाने ओरडू नका." तो उन्हाळा मला आवडतो. त्यात एक मेलेला हत्ती आहे आणि तरी आवडतो. हे असं माझ्या पत्रकात बसत नाही.

*

त्या दिवशी सकाळी मी जिन्यावरून ओरडले होते. शाळा उघडायला आली, अक्कांचा फोन येतोय, आणि तू त्या पट्टीवर हस्तिदंत लावलास तर मी तुझ्याबरोबर धुळ्याला येणार नाही, आणि पुन्हा दुकानातही येणार नाही.

तू खालून म्हणालास, "बरं."

मामा, तू आयुष्यात कधी 'बरं' म्हणाला नव्हतास. चहात साखर कमी आहे म्हटलं तरी तुझ्याकडे तीन उत्तरं असायची. ते 'बरं' घेऊन तू शटर उघडायला गेलास, आणि दुपारी दुकानातून तुला उचलून आणलं.

तेव्हापासून मी त्या 'बरं'च्या मागे आहे. पटलं म्हणून बरं? छातीत दुखत होतं, बोलायला दम नव्हता, म्हणून बरं? की 'ओरड तू, मी करायचं ते करतो' असं बरं? दुकानातल्या तुझ्या फळीवर ती पट्टी शिकंजात आवळलेली होती. स्वच्छ खरवडलेली, पॉलिश पेपरने घासलेली. तिच्यावर कापड नव्हतं. कापड लावायचं राहिलं होतं की लावायचंच नव्हतं, हे मला कोण सांगेल?

दहावा झाल्यावर मामीने माळ्यावरून डबा उतरवला, काउंटरच्या काचेखालचा तुकडाही त्यात टाकला, आणि माझ्या हातात दिला. "तुले कळतं यातलं. मले नको घरात." म्हणजे तिने तो खाली ठेवला नाही, वर माझ्या खोलीत ठेवला. मामीचा कायदा साधा आहे.

मग सुरू झालं ते कुलूप ओढून बघणं. डबा दाबून ठेवला तर मी कुठल्या तोंडाने बाजारात उभी राहू? मांडूळ धरलेल्या मजुराने उद्या विचारलं की ताई तुमच्या घरी काय आहे, तर? आणि वनखात्यात नेऊन दिला तर पेपरात येईल. पत्रकवालीचा मामा हस्तिदंताचा दुकानदार. लोकांनी तुला साधा केलंच आहे, मग चोर करतील. साहेब विचारतील, हे तुकडे कुठे कुठे बसवले? मग शाळा येईल, मग पियानो येईल, मग अक्का. मधल्या मध्ये अक्कांचा रोज फोन. "बेटा, घाई नाही. दुखवट्यात बोलू नये. पण माझी पट्टी सापडली ना?"

*

शेवटी मी सुई तापवली. हे तूच शिकवलं होतंस. खरा हस्तिदंत सुईला दाद देत नाही, खोटा वितळतो. आणि सुईच वापरायची, काडी ओढायची नाही, कारण खोटा भुरकन पेटतो. मी गॅसपाशी उभी राहून मनात एकच म्हणत होते, सगळे खोटे निघू देत. मामाला कुणीतरी फसवलेलं असू दे. म्हणजे गुन्हाही गेला आणि डबाही गेला.

पहिल्या काही तुकड्यांवर सुई नुसती टेकून राहिली. खरे. पुढचेही खरे. मग मी काउंटरच्या काचेखालचा तुकडा घेतला, तू नाकासमोर नाचवायचास तो, आयुष्यात पहिल्यांदा हातात धरला, आणि मागच्या बाजूने कोपऱ्यात सुई लावली.

सुई लोण्यात जावी तशी आत गेली. आणि कापराचा वास आला.

मामी आतून आली. "आरती केलीस का गं?"

मी तिला तुकडा दाखवला. म्हटलं, हा खोटा आहे मामी, हत्तीचा नाहीच. जुन्या काळचं प्लास्टिक, कापूर घालून करायचे ते. रेघासुद्धा छापलेल्या. मामाला कुणीतरी गंडवलं.

मामीने तुकडा उलटा केला, नखाने खरवडला. मागे पिवळा रबरासारखा थर होता. "हे सोल्युशन शे. चप्पलवाला लावतो ते. खऱ्याला तो सरस लावे, अन् खोट्याला सोल्युशन. सरस खोट्याले धरत नाही." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "त्याले कोण गंडवी? त्याले ठाऊक व्हतं."

"मग मला इतकी वर्षं हत्तीचा म्हणून का दाखवायचा?"

"तू भांडशी म्हणून."

"मजा म्हणून?"

मामी पोळपाटाकडे वळली. लाटणं हातात घेतलं तरी लाटेना. "मजा बी. पण तुले घाबरे तो. म्हणे, ही पोरगी एक दिवस खरंच साहेबाला घेऊन येईल. तवा खोटा पुढे ठेवला, अन् खरे माळ्यावर टाकले. साहेब आला तर सुई लावी, पाही, चालला जाई."

मी गॅस बंद केला.

मी तुला घाबरवत होते, मामा? मी कुणाला घाबरवलंय असं मला कधी वाटलंच नाही. दलाल हसतात माझ्याकडे बघून. पत्रक घेऊन लोक त्यात शेंगदाणे गुंडाळतात. आणि माझ्याच घरात खालच्या मजल्यावर राहणारा, मला चहा पाजणारा माणूस माझ्या भीतीने खोटा दात पुढे करून बसला होता. मला वाईट वाटायला हवं होतं. आधी राग आला. मला खरं सांगायचं होतंस. मी ओरडले असते, खूप ओरडले असते, पण साहेबाला आणलं नसतं. असं मला वाटतं. नक्की सांगता येत नाही. तुला जेवढं नक्की माहीत होतं तेवढंच मलाही.

*

दुसऱ्या दिवशी मी दुकान उघडलं. तुझ्या फळीवर सोल्युशनचा डबा होता, झाकण सैल. तो तिथे नेहमी असायचा की त्या दिवशी पट्टीसाठी काढला होतास, हेही मला माहीत नाही. कापड नाही, सोल्युशन समोर, आणि ते 'बरं'. मी या तिन्हींना जोडून तू माझं ऐकलंस असं म्हणू शकते. पत्रक असतं तर म्हटलं असतं. इथे म्हणत नाही.

कापराच्या वासाचा तो तुकडा मी अक्कांच्या पट्टीवर बसवला. मामीने दाबून धरला, मी दोरा गुंडाळला. कडा घासताना थोडी जास्त घासली गेली, तू असतास तर हातातून ओढून घेतली असतीस.

धुळ्याला अक्का दारातच उभ्या होत्या. कूलर बंद करून, तोंड भिंतीकडे वळवून ठेवला होता, शिक्षा झालेल्या पोरासारखा. मी पट्टी जागेवर सरकवली. अक्कांनी रुमाल घडी करून कमरेला खोचला, बसल्या, प्रार्थनेची पहिली ओळ वाजवली. अंगठा पांढऱ्या तीनवर आला. थांबल्या.

"हे आधीचं नाही."

"नाही अक्का. हे हस्तिदंत नाही."

"टोचत नाही पण." पुन्हा वाजवलं. "याला ओल लागत नाही का?"

"लागत नाही."

"मग कूलर..."

"नको अक्का."

मग मी त्यांना डब्याचं सगळं सांगितलं. की मी तो नेऊन देणार आहे. की मला विचारतील. की विचारलं तर मी खोटं बोलणार नाही, आणि मग कुणीतरी इथे येईल, या पट्ट्यांना सुई लावेल. कदाचित काही करणार नाहीत. कदाचित पियानोला सील लावतील. मला माहीत नाही अक्का, मी म्हटलं.

अक्कांनी पट्ट्यांवरून हात फिरवला. उजेड होता, झाकण उघडं होतं, तू सांगितलं होतंस तसं.

"विचारलं तर सांग," त्या म्हणाल्या. "पियानो लपवून वाजवता येत नाही बेटा. आवाज होतो."

*

उद्या जायचं आहे. वनखात्याच्या त्या कार्यालयात मला सगळे ओळखतात. शिपाई विचारेल, "ताई, आज काय, घुबड का मांडूळ?" मी काय म्हणेन ते अजून ठरत नाही. मामी बरोबर येते आहे. तिने साडी काढून ठेवली आहे, लग्नाला जायची. म्हणाली, "नाव विचारलं तर मी सांगसू. मन्हा नवरा व्हता. तुले नाव घेता यावं नही." डबा तिने बिबड्यांच्या पिशवीत घातला आहे, वरून बिबड्या. मी म्हटलं, मामी, आपण लपवायला नाही, द्यायला चाललोय. ती म्हणाली, एसटीत तर लपवावं लागी.

हे छापून येईल तेव्हा काय झालं ते झालेलं असेल. आत्ता तू डोक्यात बसून बोलतो आहेस. आते देई दिधा तर हत्ती दोनदा मरी. नाही मरत, मामा. सरकारी कपाटात पडून राहील तुझा डबा, अंधारात पिवळा पडेल, आणि त्याच्यावर कुणी वाजवणार नाही, हे मला कळतं. तरी दिला पाहिजे. मजूर मांडुळासाठी आत जातो त्या देशात माझ्या मामाचा डबा माळ्यावर राहू शकत नाही. तू म्हणशील, वकिली. मी म्हणेन, वकिली तर वकिली. मग तू काहीतरी म्हणशील, मग मी.

तुझी तिरडी उचलायच्या आधी मी तुझ्या पायांशी वाकले होते. सगळे वाकत होते. तर कोपऱ्यातून म्हाताऱ्या बाया ओरडल्या, भाचीने नाही, भाचीने पडायचं नाही, आणि दोघींनी मला दंडाला धरून सरळ उभं केलं. तशीच उभी राहिले मी, तू जाईपर्यंत. आपल्याकडे वाकायचं मामाने असतं. भांडण संपवायची रीत तुझ्याकडे होती, माझ्याकडे ती कधी नव्हतीच.